कोणते तेल आणि किती तेल?

२०२५ च्या फेब्रुवारी महिन्यात पंतप्रधानांनी आकाशवाणीवरील ‘मन की बात’ या भाषणात देशातील वाढत्या लठ्ठपणाविषयी चिंता व्यक्त केली आणि प्रत्येकाने आपले खाण्याचे तेल दहा टक्क्यांनी कमी करावे, असे आवाहन केले. त्याच वर्षी स्वातंत्र्यदिनी लाल किल्ल्यावरून त्यांनी या आवाहनाचा पुनरुच्चार केला. राष्ट्रध्वजाखाली उभे राहून देशाच्या प्रमुखाने नागरिकांच्या फोडणीविषयी बोलावे, हे काहींना विनोदाचे वाटले असेल. आम्हांस तसे वाटत नाही. जी गोष्ट कोट्यवधी घरांत रोज दोनदा घडते, तिच्याहून अधिक राष्ट्रीय गोष्ट कोणती असू शकेल? परंतु या दोन भाषणांच्या दरम्यान, मे महिन्याच्या अखेरीस, त्याच सरकारने कच्च्या पामतेलावरील, सोयाबीन तेलावरील आणि सूर्यफुलाच्या तेलावरील मूळ आयात शुल्क २० टक्क्यांवरून १० टक्क्यांवर आणले. हेतू उघड होता: बाजारात तेल स्वस्त व्हावे. ‘कमी खा’ असे मुखाने सांगावयाचे आणि हाताने वाटी भरावयाची, हा प्रकार घरातील आजीने केला तर त्याला आपण माया म्हणतो. शासनाने केला तर त्याला धोरणाचा अभाव म्हणावे लागते.

मध्यमवर्गीय घरांतून या विषयाची चर्चा होते खरी, पण ती निराळ्या अंगाने. साजूक तूप चांगले की तेल, रिफाइंड घ्यावे की लाकडी घाण्याचे, करडई हृदयाला मानवते की शेंगदाणा, यांवर जेवणाच्या पंगतीत हिरिरीने वाद होतात. स्निग्ध पदार्थाचा प्रकार महत्त्वाचा आहे यात शंका नाही. तथापि राष्ट्राच्या लठ्ठपणाशी या प्रकाराचा संबंध नेमका कोणत्या वाटेने पोहोचतो, हे समजून घेतले नाही तर हा वाद चवीपुरता राहील आणि प्रश्न जेथल्या तेथे राहील.

प्रथम आकडे पाहावेत. केंद्र सरकारच्या आर्थिक पाहणीतील नोंदींप्रमाणे १९६०-६१ साली देशात दरडोई ३.२ किलो खाद्यतेल आणि ०.८ किलो वनस्पती तूप वर्षाकाठी उपलब्ध होते. १९९०-९१ मध्ये तेलाचा आकडा ५.५ किलोंवर आणि २०००-०१ मध्ये ८.२ किलोंवर गेला. नीती आयोगाने २०२४ साली प्रसिद्ध केलेल्या अहवालात तो १९.७ किलो आहे. भारतीय वैद्यक संशोधन परिषदेच्या मताने सुमारे १२ किलो पुरेसे होत. घरगुती हिशेबात सांगावयाचे तर १९६०-६१ साली चौघांच्या कुटुंबाच्या वाट्यास तेल आणि वनस्पती मिळून वर्षाला सोळा किलो, म्हणजे पंधरा किलोंचा एक डबा आणि वर किलोभर, एवढे येत होते. नव्या आकड्याप्रमाणे त्याच चौघांच्या वाट्यास पाच डबे भरून वर पावणेचार किलो तेल येते. घरचे लोणी-तूप यात धरलेले नाही. पंतप्रधानांचे आवाहन सर्वांनी तंतोतंत पाळले, तरीही हा आकडा पावणेअठरा किलोंच्या आसपास राहील. बारा किलोंवर यावयाचे तर दहा टक्के नव्हे, दोन-पंचमांश तेल कमी करावे लागेल.

दुसऱ्या बाजूला राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीचे आकडे ठेवावेत. उंचीच्या मानाने ज्यांचे वजन प्रमाणाबाहेर आहे, म्हणजे ज्यांचा बॉडी मास इंडेक्स २५ किंवा त्याहून अधिक आहे, अशा स्त्रियांचे प्रमाण २०१५-१६ मध्ये २०.६ टक्के होते, ते २०१९-२१ मध्ये २४ टक्के झाले. पुरुषांत ते १८.९ टक्क्यांवरून २२.९ टक्क्यांवर गेले. शहरांतील स्त्रियांत हे प्रमाण ३३.२ टक्के आहे. म्हणजे शहरात दर तीन स्त्रियांमागे एक. तेल वाढले म्हणूनच वजने वाढली, असा निष्कर्ष काढणे मात्र उतावळेपणाचे होईल. याच काळात साखर वाढली, चालणे घटले, बैठे काम वाढले. परंतु पूर्वी न पचलेले चार डबे कोठे तरी गेलेच असले पाहिजेत, एवढे तर साधे गणितही सांगते.

आता प्रकाराचा प्रश्न. स्निग्ध पदार्थ कोणताही असो, साजूक तूप असो, घाण्याचे शेंगतेल असो की कारखान्यातून आलेले पामतेल, एका ग्रॅममागे सुमारे नऊ कॅलरी ऊर्जा मिळते. घाणा लाकडी असल्याने त्यातली एकही कमी होत नाही. भेद आहे तो घटक स्निग्धाम्लांचा. तुपात आणि खोबरेलात संपृक्त अम्लांचे प्राबल्य असते, तर पामतेलात ती जवळजवळ निम्मी असतात. शेंगदाण्याच्या तेलात एक-असंपृक्त अम्ले अधिक आणि करडई, सूर्यफूल व सोयाबीन यांत बहु-असंपृक्त अम्ले अधिक. या भेदाने वजनावर काय परिणाम होतो, हे पाहण्यासाठी स्वीडनमधील उप्साला येथील संशोधकांनी केलेला एक प्रयोग २०१४ साली प्रसिद्ध झाला. सडपातळ अशा ३९ तरुण स्त्री-पुरुषांना सात आठवडे नेहमीच्या आहाराखेरीज केक खावयास दिले. काहींचे केक पामतेलाचे, काहींचे सूर्यफुलाच्या तेलाचे. वजन दोन्ही गटांचे सारखेच वाढले. पण पामतेलाच्या गटात ही वाढ यकृतात आणि पोटाच्या आतल्या भागात अधिक साचली, आणि सूर्यफुलाच्या गटात स्नायूंची वाढ तुलनेने अधिक झाली. तराजूचा काटा एकच आकडा दाखवीत होता, पण शरीराच्या आतली गोष्ट निराळी होती.

या नियमाला एक ठळक अपवाद आहे, तो कृत्रिम रीतीने घट्ट केलेल्या तेलातील ट्रान्स फॅटचा. अमेरिकेतील वेक फॉरेस्ट विद्यापीठात माकडांच्या दोन गटांना सहा वर्षे सारख्याच कॅलरींचे अन्न दिले गेले. ज्यांच्या अन्नात ट्रान्स फॅट होते त्यांचे वजन ७.२ टक्क्यांनी वाढले, दुसऱ्या गटाचे दोन टक्क्यांहूनही कमी. हे निष्कर्ष २००७ साली प्रसिद्ध झाले. करडई-सोयाबीनच्या बहु-असंपृक्त अम्लांमुळे भूक चाळवते आणि अमेरिकेतील लठ्ठपणाचे मूळ तेथील सोयाबीन तेलाच्या अफाट खपात आहे, असाही एक पक्ष आहे. त्याला उंदरांवरील प्रयोगांचा काही आधार आहे. माणसांच्या बाबतीत तो पक्ष सिद्ध झालेला नाही, आणि उप्सालाच्या प्रयोगात तर त्याला दुजोरा मिळाला नाही.

मेद कोठे साचतो हा प्रश्न आपल्या लोकांना विशेष लागू आहे, आणि हे जगाला दाखवून देण्याचे श्रेय पुण्याकडे जाते. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी २००४ साली ‘लॅन्सेट’मध्ये आपल्या एका इंग्रज सहकाऱ्यासह स्वतःचे छायाचित्र प्रसिद्ध केले. दोघांचाही बॉडी मास इंडेक्स २२.३, म्हणजे दोघेही कागदावर सडपातळ. पण इंग्रज गृहस्थांच्या शरीरात मेद ९.१ टक्के आणि डॉ. याज्ञिकांच्या शरीरात २१.२ टक्के. पुण्याजवळच्या खेड्यांतील नवजात बालकांविषयीचा त्यांचा निष्कर्षही तोच आहे: ही बालके इंग्रज बालकांहून वजनाने पुष्कळ कमी, सरासरी ३.५ किलोंच्या जागी २.७ किलो, पण अंगातला मेद त्या मानाने राखून असलेली. ज्या समाजाची मुले अशी जन्माला येतात, त्या समाजाला पोटाच्या आत मेद साचविणारे तेल अधिक जपून वापरले पाहिजे. तराजूवर बारीक दिसणारा आमचा कारकून किंवा शिक्षक मधुमेहाने का गाठला जातो, याचे एक उत्तर येथे आहे.

हे सारे मान्य करूनही आमचे म्हणणे असे आहे की, तेलाचा प्रकार राष्ट्राला लठ्ठ करतो तो मुख्यतः शरीराच्या वाटेने नव्हे, बाजाराच्या वाटेने. गोडेतेलाला वास असतो, रंग असतो, चव असते. ते महाग असते आणि फार दिवस ठेवले तर खवट होते. असे तेल आपली मर्यादा आपणच घालून घेते. चिवड्यात ते जास्त झाले तर जिभेला कळते आणि बरणीत राहिले तर नाकाला. याउलट शुद्ध केलेले पामतेल वासरहित, दीर्घकाळ टिकणारे, थंडीत अर्धवट घट्ट राहणारे आणि सर्वांत स्वस्त असते. बिस्किटाला, खारीला, फरसाणाला, पाकिटातल्या वेफरला आणि आइसक्रीमच्या नावाने विकल्या जाणाऱ्या थंड पदार्थाला कारखानदाराला जे गुण हवेत, ते सगळे त्यात आहेत. म्हणून ते जेथे पूर्वी तेल नव्हते तेथेही शिरते. गृहिणी आपल्या हाताने कढईत ओतते ते तेल तिला दिसते. पाकिटातून घरात येते ते तिला दिसत नाही. पाच डब्यांपैकी सारे डबे स्वयंपाकघरात उघडले जात नाहीत.

हा प्रवास एका दिवसात झालेला नाही. १९३७ साली डालडा बाजारात आले आणि तुपाच्या नावाखाली वनस्पती खपविण्यावरून देशभर रण माजले. भेसळ ओळखता यावी म्हणून वनस्पतीत पाच टक्के तिळाचे तेल मिसळण्याची सक्ती झाली, वनस्पतीला रंग द्यावा की नाही यावर वर्षानुवर्षे खल झाला. तुपाची फसवणूक होऊ नये, एवढाच विचार त्या वादात प्रमुख होता. त्या डब्यात ट्रान्स फॅट मोठ्या प्रमाणात होते आणि ते हृदयाला घातक आहे, ही गोष्ट पुढे विज्ञानाने सिद्ध केली. डेन्मार्कने २००३ साली त्यावर कायद्याने मर्यादा घातली. आपल्याकडे ती टप्प्याटप्प्याने खाली येऊन २०२१ मध्ये तीन टक्के व २०२२ च्या जानेवारीपासून दोन टक्के झाली. डालड्याच्या पहिल्या डब्यापासून या दोन टक्क्यांपर्यंत पंच्याऐंशी वर्षे गेली. दुसरा प्रवास तेलबियांचा. १९८६ साली तेलबियांचे राष्ट्रीय अभियान सुरू झाले आणि नव्वदीच्या आरंभी देश खाद्यतेलात जवळजवळ स्वयंपूर्ण झाला. १९९४ मध्ये पामतेलाची आयात ६५ टक्के शुल्कावर खुली केली गेली आणि १९९८ पर्यंत ते शुल्क १५ टक्क्यांवर आले. २०२२-२३ च्या तेल वर्षात देशाने १६० लाख टनांहून अधिक खाद्यतेल आयात केले, त्यातले निम्म्याहून अधिक पामतेल होते. आमच्या कमरेचा घेर ठरविण्यात शरीरशास्त्राइतकाच जकातीच्या वेळापत्रकाचा वाटा आहे, असे आम्ही म्हणतो ते यावरून.

नाशिककरांस हे दूरचे वाटू नये. मिसळीची तर्री आणि नाशिकचा चिवडा ही या शहराची ओळख आहे आणि तिचा आम्हांस अभिमानच आहे. परंतु तर्रीचा लाल तवंग कोणत्या तेलाचा, चिवडा कशात तळला, कढईतले तेल आज कितव्यांदा तापते आहे, हे विचारणारा गिऱ्हाईक विरळा, आणि विचारले तर सांगणारा दुकानदार त्याहून विरळा. तळणीच्या तेलातील विघटित द्रव्यांचे प्रमाण २५ टक्क्यांच्या वर गेले की ते वापरू नये, असा नियम २०१८ च्या जुलैपासून आहे. तो आपल्या गल्लीतल्या गाडीपर्यंत पोहोचला आहे काय, याचे उत्तर वाचकांनी स्वतःच पाहून द्यावे.

शेताकडे वळावे तर तेथेही तीच कथा. महाराष्ट्रात भुईमुगाचे आणि करडईचे क्षेत्र आटत गेले आणि त्यांच्या जागी सोयाबीन आले. सोयाबीनच्या दाण्यात तेल जेमतेम पाचवा हिस्सा, तर शेंगदाण्यात जवळजवळ निम्मे. २०२४-२५ साठी सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ४,८९२ रुपये जाहीर झाला, पण बाजारात त्याहून कमी दराने माल विकण्याची पाळी राज्यातील शेतकऱ्यांवर आली. त्यासाठीच २०२४ च्या सप्टेंबरात कच्च्या तेलांवर २० टक्के शुल्क बसविले होते. नऊ महिन्यांच्या आत ते अर्ध्यावर आले. आमच्या जिल्ह्याच्या डोंगराळ तालुक्यांत खुरासणी पिकते. इगतपुरीच्या कृषी संशोधन केंद्राने तिचे सुधारित वाणही दिले आहे. पण आज लावलेल्या बियाण्याला उद्या कोणता भाव मिळेल हे ज्याला दिल्लीतील अधिसूचनेवरून समजते, तो शेतकरी तेलबियांवर भरवसा कसा ठेवणार?

आणखी एक बाजू आहे, आणि आमच्या मते ती सर्वांत गंभीर आहे. ज्या पाहणीने शहरातील दर तिसरी स्त्री स्थूल असल्याचे सांगितले, तीच पाहणी देशातील १८.७ टक्के स्त्रिया प्रमाणाहून बारीक असल्याचे सांगते आणि महाराष्ट्रात पाच वर्षांखालील ३५.२ टक्के बालकांची उंची वयाच्या मानाने खुंटलेली असल्याचेही नोंदविते. एकोणीस किलोंची सरासरी ही दोन टोकांची सरासरी आहे. शालेय पोषण आहारात प्राथमिक वर्गातील मुलाला दिवसाला पाच ग्रॅम आणि वरच्या वर्गातील मुलाला साडेसात ग्रॅम तेल ठरलेले आहे. २०२५ मध्ये केंद्रीय शिक्षण खात्याने या आहारातील तेलही दहा टक्क्यांनी कमी करण्यास राज्यांना सुचविले. पाच ग्रॅमांतून अर्धा ग्रॅम! सुरगाण्याच्या किंवा पेठच्या आश्रमशाळेतील किंवा पाड्यावरच्या पोराच्या ताटातून अर्धा ग्रॅम तेल काढल्याने राष्ट्राचा मेद उतरणार नाही. तो जेथे साचला आहे तेथूनच काढला पाहिजे, आणि ती जागा आम्हां शहरी सुस्थितांच्या घरांत व फराळात आहे. आवाहन सर्वांना सारखे करणे ही समता खरी, पण ती न्यायाची समता नव्हे.

मग करावे काय? पहिली गोष्ट, आयात शुल्क दर सणासुदीला आणि दर निवडणुकीला बदलू नये. ते काही वर्षांसाठी स्थिर ठेवावे, म्हणजे शेतकऱ्याला पेरणीचा आणि कारखानदाराला खरेदीचा विचार निश्चितपणे करता येईल. तेल महाग झाले तर गरिबाच्या फोडणीवर घाव पडेल, असा आक्षेप येईल आणि तो रास्त आहे. त्याचा उपाय सर्वांसाठी तेल स्वस्त करणे हा नव्हे. गरजूंना शिधापत्रिकेवर ठराविक तेल सवलतीने देणे हा आहे. २०२२ च्या दिवाळीत राज्य शासनाने शंभर रुपयांत ‘आनंदाचा शिधा’ दिला, त्यात लिटरभर पामतेल होते. सणाला गरिबाच्या घरी तेल पोहोचले याचा आनंदच आहे. पण जे तेल शासन स्वतः विकत घेऊन वाटते, ते राज्यातील शेंगदाण्याचे, करडईचे किंवा खुरासणीचे का असू नये? खर्च वाढेल हे खरे. पण तो पैसा परदेशी न जाता येथल्या शेतात राहील.

दुसरी गोष्ट, सुट्या मिठाईवर ‘अमुक तारखेपर्यंत वापरावी’ अशी पाटी लावण्याचा नियम २०२० च्या ऑक्टोबरपासून लागू झाला. त्याच धर्तीवर फरसाणाच्या दुकानावर, उपाहारगृहात आणि वडापावच्या गाडीवर, तळणीचे तेल कोणते आणि ते केव्हा बदलले, याची पाटी असावी. बंद पाकिटावर तेलाचे नाव बारीक अक्षरांत तरी असते. उघड्या कढईवर तेही नाही. महानगरपालिका आणि अन्न व औषध प्रशासन यांनी मिळून मनावर घेतले, तर ही सुरुवात नाशिकमध्ये करण्यास काही अडचण दिसत नाही. चांगले तेल वापरणाऱ्या प्रामाणिक दुकानदाराचा तर यात लाभच आहे.

तिसरी गोष्ट घराघरांतील. कोणते तेल, या प्रश्नाचे उत्तर फार अवघड नाही: एकाच तेलावर भर न देता आलटून पालटून वापरावे, घट्ट वनस्पती टाळावे, एकदा तळलेले तेल पुन्हा पुन्हा तापवू नये, तुपाला औषध समजून वाटीने खाऊ नये आणि विष समजून त्याच्याकडे पाठही फिरवू नये. अवघड आहे ते ‘किती’ हे पाहणे. त्यासाठी डॉक्टरही लागत नाही आणि यंत्रही लागत नाही. डबा उघडला त्या दिवसाची तारीख त्यावर पेन्सिलीने लिहावी आणि तो संपला त्या दिवशी दुसरी लिहावी. मधल्या दिवसांना माणसांच्या संख्येने गुणावे आणि डब्यातल्या ग्रॅमांना त्या आकड्याने भागावे. माणशी दिवसाला तेहतीस ग्रॅमांच्या वर आकडा गेला, तर वाद तुपाचा की तेलाचा हा राहिलेला नाही, असे समजावे. बाहेर खाल्लेल्या भज्यांचा हिशेब त्या डब्यात नसतो, एवढे मात्र विसरू नये.

पंतप्रधानांच्या आवाहनाचा आम्ही आदर करतो. परंतु आवाहन नागरिकाला असते आणि शुल्क ठरविण्याचा अधिकार शासनाला. पहिल्याने आपल्या कढईकडे पाहावे आणि दुसऱ्याने आपल्या अधिसूचनेकडे. दोघांपैकी एकानेच संयम पाळला, तर पाच डब्यांचे तीन डबे कधीच होणार नाहीत.